बरोबरीचा डाव

समोरच्या खेळाडूने आपले प्यादे आपण होऊन तुमच्या तोंडाशी आणून ठेवले, त्याला कोणाचा जोर नाही, ते मारल्यास तुमचे काही जात नाही, तर ते मारावे की मारू नये? प्रश्न दिसतो सोपा. परंतु गेली सुमारे पाचशे वर्षे बुद्धिबळाचे मोठमोठे खेळाडू या प्रश्नाचा विचार करीत आले आहेत आणि अजूनही त्यांचे एकमत झालेले नाही. २०२५ सालच्या जुलै महिन्यात काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या बाटुमी या शहरात दोन भारतीय स्त्रिया एका पटाशी बसल्या, तेव्हा पहिल्या दोन चालींतच हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

त्या दोघींपैकी एक होती नागपूरची दिव्या देशमुख. तिचे वय तेव्हा १९ वर्षांचे होते. दुसरी होती आंध्र प्रदेशातील कोनेरू हंपी. तिचे वय ३८. स्त्रियांच्या विश्वचषक स्पर्धेचा तो अंतिम सामना होता. या स्पर्धेत निरनिराळ्या देशांतून १०७ खेळाडू आल्या होत्या. जी हरेल तिने घरी परतावे आणि जी जिंकेल तिने पुढच्या फेरीत जावे, असा स्पर्धेचा नियम. अशा गाळणीतून शेवटी दोघीच उरल्या आणि त्या दोघीही भारताच्या निघाल्या. स्त्रियांच्या विश्वचषकात असे पूर्वी कधीच घडले नव्हते.

दोघींची तुलना करणे मोठे मौजेचे आहे. हंपीच्या वडिलांनी मुलगी विजेती व्हावी म्हणून ‘चँपियन’ या शब्दातूनच तिचे नाव घडविले होते, आणि मुलीनेही ते नाव सार्थ केले. २००२ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. इतक्या लहान वयात तो किताब मिळविणारी स्त्री तोपर्यंत जगात झाली नव्हती. त्या वर्षी दिव्याचा जन्मही झाला नव्हता! पुढे हंपीने २०१९ आणि २०२४ या दोन वर्षी जलद बुद्धिबळाचे जागतिक अजिंक्यपद पटकाविले.

दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा. आईवडील दोघेही डॉक्टर. वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास ती पटाशी बसू लागली. दहा वर्षांखालील मुलींचे जागतिक अजिंक्यपद तिला २०१४ साली मिळाले, बारा वर्षांखालील मुलींचे २०१७ साली मिळाले आणि २०२४ साली वीस वर्षांखालील मुलींमध्येही ती जगात पहिली आली. त्याच वर्षी बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्ये भारताच्या स्त्रियांनी सुवर्णपदक जिंकले, त्या संघात ती होतीच. तथापि बाटुमीला ती आली तेव्हा गुणानुक्रमाने तिचा क्रमांक पंधरावा होता. ही मुलगी अंतिम फेरी गाठील, असे भाकीत करणारे फारसे कोणी नव्हते. तिने चीनची झू जिनर, आपल्याच देशाची हरिका द्रोणवल्ली आणि एके काळची जगज्जेती तान झोंगयी यांना एकीमागून एक मागे टाकले.

या विजयांना महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. १९५५ साली एलुरू येथे भारताची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली, तिच्या अजिंक्यपदाचे दोन मानकरी ठरले. त्यांतील एक रामचंद्र सप्रे. स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाली, तेव्हा पहिले अजिंक्यपद मुंबईच्या वासंती खाडिलकर हिने मिळविले. तिच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी याही राष्ट्रीय विजेत्या झाल्या. एका घरातील तिघी बहिणी! रोहिणीने तर हा मान पाच वेळा मिळविला आणि १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरण्याचे धाडसही केले. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपाने या खेळाचे एक पीठच उभे केले. तेथे खेळून मोठे झालेल्यांची संख्या लहान नाही. या खेळाला मैदान लागत नाही की मोठा खर्च लागत नाही. नागपूरच्या वाड्यात, सांगलीच्या पेठेत किंवा विरारजवळच्या मनवेलपाड्यातील एखाद्या ओटीवर पट सारखाच मांडला जातो. घरे तीच चौसष्ट आणि मोहरे तेच बत्तीस.

आता २६ जुलैच्या त्या डावाकडे वळू. पांढरे मोहरे दिव्याकडे होते, म्हणून पहिली चाल तिची. तिने वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे टाकले. हंपीनेही आपल्या वजिरापुढील प्यादे तसेच दोन घरे सरकविले. दोन्ही प्यादी पटाच्या मध्यभागी एकमेकांसमोर अडून उभी राहिली. मग दिव्याने वजिराच्या बाजूच्या उंटापुढील प्यादे दोन घरे पुढे नेले आणि ते थेट हंपीच्या प्याद्याच्या तावडीत नेऊन उभे केले. प्यादे चालते सरळ, पण मारते तिरपे, हे तुम्हांला ठाऊक आहेच. म्हणजे हंपीला ते प्यादे फुकट मिळत होते.

या आरंभाला ‘क्वीन्स गॅम्बिट’ म्हणजे वजिराचा गॅम्बिट असे नाव आहे. गॅम्बिट हा शब्द इटालियन भाषेतून आला. इटलीतील मल्ल कुस्ती खेळताना प्रतिस्पर्ध्याच्या पायात पाय अडकवून त्याला पाडीत. त्या डावावरून हे नाव निघाले. आपल्या तालमीत ज्याला टांग मारणे म्हणतात, त्याच जातीचा हा डाव. टांग मारणाऱ्याला क्षणभर एका पायावर उभे राहावे लागते. त्या क्षणी त्याचाही तोल जाण्याचा संभव असतो. बुद्धिबळातही तसेच आहे. प्यादे देणारा स्वतः थोडा दुबळा होतो आणि त्या बदल्यात दुसऱ्याचा तोल बिघडविण्याची संधी साधतो. सोळाव्या शतकात रुई लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने हा शब्द बुद्धिबळात आणला. वजिराचा गॅम्बिट मात्र त्याहूनही जुना आहे, इ. स. १५०० च्या सुमाराच्या एका हस्तलिखितात तो आढळतो.

आपल्या देशी पद्धतीच्या खेळात असा आरंभ नसे. कारण त्या खेळात प्यादे सामान्यतः एकाच घराने पुढे सरकत असे, त्यामुळे दोन्हीकडील सैन्ये एकमेकांना भिडायलाच बराच वेळ लागे. पुढे युरोपीय रीत आपल्याकडे आली आणि काही काळ दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदल्या. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील एक पुस्तक इंग्रजीत छापले गेले. ते युरोपीय रीतीच्या खेळाला अनुसरून तयार केले होते. त्या काळी एखाद्या शास्त्रीबोवांच्या ग्रंथाने परदेशी रीतीशी असा मेळ घालावा, हे कौतुकास्पद खरेच.

आता मूळ प्रश्न. फुकट मिळणारे प्यादे मारून ते कायमचे पदरात ठेवता येते काय? घरी पट असेल तर मांडा आणि पुढील चाली करून पाहा. काळ्याने ते प्यादे मारले, असे समजा. पांढरा आपल्या राजापुढील प्यादे एक घर पुढे करतो. त्यामुळे त्या बाजूच्या उंटाची वाट मोकळी होते आणि उंट त्या काळ्या प्याद्यावर नेम धरतो. काळ्याला लोभ सुटला, तर तो ते प्यादे राखण्यासाठी वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे दोन घरे पुढे आणून त्याला जोर देतो. पांढरा कडेच्या हत्तीपुढील प्यादे दोन घरे पुढे नेऊन त्या जोरावरच घाव घालतो. काळा आणखी एका प्याद्याने, म्हणजे वजिराच्या बाजूच्या उंटापुढील प्याद्याने, एक घर पुढे सरकून आधार देतो. पांढरा प्यादे मारतो. काळा उलट मारतो. काळ्याला वाटते, झाले, प्यादे आपल्याला पचले! आणि तेवढ्यात पांढऱ्याचा वजीर दोन घरे तिरपा सरकून राजाच्या बाजूच्या उंटासमोरील तिसऱ्या घरात येतो.

तेथून एक तिरपी ओळ थेट काळ्याच्या कोपऱ्यातील हत्तीपर्यंत जाते. ती ओळ बारकाईने पाहा. तिच्यावर जी काळी प्यादी आडवी आली असती, ती सगळी लोभापायी आधीच पुढे निघून गेली आहेत. हत्तीला हलायलाही जागा नाही. एका बाजूस त्याचाच घोडा, पुढे त्याचेच प्यादे. हत्ती वाचवायचा तर घोडा किंवा उंट मध्ये घालून बळी द्यावा लागतो. एका प्याद्याच्या राखणीत असा एक मोठा मोहरा गमवावा लागतो.

म्हणून जाणते खेळाडू ते प्यादे मारले तरी त्याला चिकटून राहत नाहीत. पांढरा ते परत मिळविण्यात गुंतला असता आपण आपले घोडे-उंट बाहेर काढावे आणि राजाला किल्लेकोट करून सुरक्षित ठेवावे, असा त्यांचा हिशेब असतो. काही खेळाडू प्यादे मारतच नाहीत. मधल्या प्याद्याला दुसऱ्या प्याद्याचा जोर देऊन ते उभे राहतात. पहिल्या प्रकाराला स्वीकारलेला गॅम्बिट आणि दुसऱ्याला अव्हेरलेला गॅम्बिट म्हणतात. अव्हेरणारांची संख्या पूर्वी फार मोठी होती. १९२७ साली ब्यूनस आयरिस येथे कापाब्लांका आणि आलेखाइन यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना झाला, त्यातील ३४ डावांपैकी ३२ डावांत हा अव्हेरलेला गॅम्बिटच खेळला गेला! आणि ३४ पैकी २५ डाव बरोबरीत सुटले. सहा डाव प्रथम जिंकील तो विजयी, असा नियम होता. बरोबरीचे डाव मोजायचे नव्हते. दोन महिन्यांहून अधिक काळ ते दोघे खेळत राहिले, तेव्हा कोठे आलेखाइनचे सहा विजय पुरे झाले.

हंपीने अव्हेर केला नाही. तिने प्यादे मारले.

त्यानंतर पटावर जो संग्राम झाला, तो शांत नव्हता. दिव्याने वेगाने आपले मोहरे पुढे काढले आणि चौदाव्या चालीच्या सुमारास तिची बाजू उघड उघड वरचढ झाली. डाव चालू असताना बाहेर अनेक लोक संगणकावर तो पाहत असतात. संगणक एका क्षणात लाखो शक्यता तपासतो, त्यामुळे कोणती चाल सरस हे त्याला चटकन कळते. त्या घटकेस संगणक दाखवीत होता की पांढऱ्यासाठी विजयाकडे जाणारी एक वाट उघडी आहे. पण ही गोष्ट जगाला दिसत होती. जिला दिसायला हवी होती, ती मात्र पटाशी एकटीच बसली होती. तिच्याजवळ ना संगणक, ना पुस्तक, ना सल्ला देणारे कोणी. समोर घड्याळ चालू. पहिल्या ४० चालींसाठी प्रत्येकीला ९० मिनिटे आणि शिवाय दर चालीमागे ३० सेकंदांची भर, एवढाच वेळ. स्थिती इतकी गुंतागुंतीची होती की एका फांदीला दहा फांद्या फुटाव्या, त्यांतील प्रत्येकीला आणखी दहा. दिव्याला ती वाट सापडली नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला ही चूक वाटते. परंतु संगणक हाताशी घेऊन खेळाडूला नावे ठेवणे यात काही पुरुषार्थ नाही. पर्वताच्या माथ्यावरून खालची पायवाट स्पष्ट दिसते. रानात चालणाऱ्याला ती झाडाझुडपांतून शोधावी लागते.

हंपीची कसोटी तर याहून कठीण होती. हरत आलेला डाव सावरणे, ही बुद्धिबळातील सर्वांत कष्टाची विद्या. त्यात टाळ्या मिळवून देणारी एकही चाल नसते. येथे एक भोक बुजवायचे, तेथे एका मोहऱ्याला जोर द्यायचा, शत्रूचा एखादा बलवान मोहरा आपल्या मोहऱ्याशी बदलून टाकायचा आणि प्रत्येक चालीला पुन्हा तोच हिशेब मांडायचा. दुसऱ्याचे एक पाऊल जरा चुकताच हंपीने बळ गोळा केले. हळूहळू पारडे समतोल होत गेले. आता जिंकण्याची घाई करणारी हरण्याची भीती होती, दोघींनाही. शेवटी ४१ चालींनंतर डाव बरोबरीत सुटला. दोघींच्या नावावर अर्धा अर्धा गुण मांडला गेला.

बरोबरी म्हटली की अनेकांना वाटते, दोघेही कंटाळले आणि उठले. असा समज बरोबर नाही. क्वचित तसे होतही असेल, कारण दोन्ही खेळाडूंच्या संमतीने डाव सोडता येतो. पण बरोबरीचे आणखीही प्रकार आहेत. तीच स्थिती पटावर तीन वेळा आली, तर खेळाडू बरोबरी मागू शकतो. पन्नास चालींपर्यंत कोणी काही मारले नाही आणि एकही प्यादे हलले नाही, तरीही मागू शकतो. दोन्हीकडे केवळ राजे उरले, तर मात करायला कोणीच शिल्लक नसते. या सर्वांहून चमत्कारिक प्रकार म्हणजे राजाला शह नसताना, पण ज्याची पाळी आहे त्याला एकही चाल करता येत नसताना डाव जागीच थांबतो तो. मुले खेळताना हा प्रसंग हमखास घडतो. एकाकडे वजीर, हत्ती, प्यादी असा सगळा सरंजाम आणि दुसऱ्याकडे एकटा राजा. जिंकणारा उतावीळपणे वजीर जवळ आणतो, शह देत नाही, मात्र राजाची सगळी घरे अडवून टाकतो. आणि एकट्या राजाचा धनी आनंदाने टाळी पिटून म्हणतो, ‘‘बरोबरी!’’

दुसऱ्या दिवशी, म्हणजे २७ जुलैला, पांढरे मोहरे हंपीकडे होते. तोही डाव बरोबरीत सुटला. आता गुण एकास एक. आदल्या दिवशी हाती आलेला विजय निसटल्यावर त्या रात्री मनाची स्थिती काय झाली असेल, याची कल्पना ज्याने कधी परीक्षेत येत असलेले उत्तर चुकविले आहे, त्यालाच करता येईल. दिव्यासमोर आता जी हंपी होती, ती जलद बुद्धिबळाची दोन वेळची जगज्जेती. आणि निकाल लागायचा होता तो जलद डावांतूनच. प्रत्येकीला १५ मिनिटे आणि दर चालीमागे १० सेकंद. हंपीच्या अनुभवाचे वजन मोठे होते. बहुतेक जाणकारांचा कल तिच्याकडे झुकत होता, तर त्यात नवल नाही.

२८ जुलैला पहिला जलद डाव झाला. तोही बरोबरीत! अशा रीतीने तीन दिवसांत तीन डाव झाले आणि दोघींपैकी एकीचेही पाऊल पुढे पडले नाही. चौथ्या डावात दिव्याकडे काळे मोहरे होते, म्हणजे पहिल्या चालीचा लाभ हंपीचा. डाव लांबत गेला. घड्याळातील मिनिटे सरून सेकंद उरले. अशा वेळी हात थरथरतात आणि डोळ्यांसमोरचे घरही दिसेनासे होते. या वेळी वाट चुकली ती हंपी. जी दोन दिवसांपूर्वी हरलेला डाव सावरून उठली होती, तिचाच हात वेळेच्या ओढीत डळमळला, आणि आता दिव्याने संधी सोडली नाही. अडीच विरुद्ध दीड अशा गुणांनी तिने सामना जिंकला.

विश्वचषक जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. या विजयाने तिला ग्रँडमास्टर हा किताबही मिळाला. भारतातील ती ८८ वी ग्रँडमास्टर आणि स्त्रियांत हंपी, हरिका व वैशाली यांच्यानंतरची चौथी. एरवी हा किताब मिळविण्यासाठी खेळाडूंना अनेक स्पर्धांत ठरावीक दर्जाची कामगिरी पुन्हा पुन्हा करून दाखवावी लागते आणि त्यात वर्षे जातात. दिव्याला तो एकाच स्पर्धेच्या शेवटी मिळाला. जगज्जेत्याला आव्हान देणारा खेळाडू निवडणाऱ्या ‘कँडिडेट्स’ स्पर्धेची पात्रता दोघींनीही मिळविली.

डाव संपल्यावर दिव्याने हंपीशी हस्तांदोलन केले. तिचे डोळे भरून आले होते. थोड्या वेळाने ती आईच्या गळ्यात पडून रडली. जगभर त्या क्षणाची छायाचित्रे झळकली.

२६ जुलैच्या डावाचे छायाचित्र कोणी फारसे जपून ठेवले नसेल. पण त्या डावाच्या सर्व ४१ चाली लिहून ठेवलेल्या आहेत. बुद्धिबळातील मोठ्या स्पर्धांच्या डावांची सहसा नोंद होते, मग तो जिंकलेला असो, हरलेला असो वा बरोबरीत सुटलेला असो. अभ्यासू मुले त्या चाली पटावर पुन्हा मांडतात, चौदाव्या चालीपाशी येऊन थांबतात, हनुवटीला हात लावून बसतात आणि संगणक बंद ठेवून पांढऱ्याची ती हरवलेली वाट शोधू लागतात.